आईचं नाव कितव्या रकान्यात?

आजची गोष्ट एरंडोलच्या पांडववाड्याइतकी जुनी नाही, अगदी १ मे २०२४ ची आहे. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने नावाचा क्रम बदलला: आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव.

आता समजा, एरंडोलच्या एखाद्या शाळेसाठी तुम्ही पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिलाय. 'व्यक्ती' हा मूळ क्लास. त्याचा कन्स्ट्रक्टर नाव, वडील, आडनाव घेतो. काही जण आडनाव लावत नाहीत, म्हणून ते ऐच्छिक. 'विद्यार्थी' हा सबक्लास. तो इयत्ता स्वतःकडे ठेवतो आणि बाकीचे तीन ओळीने वर पाठवतो.

नियम बदलला, म्हणून तुम्ही 'व्यक्ती'मध्ये दुसऱ्या जागी आई घातली. 'विद्यार्थी'ला हात लावायचा राहिला. झालं! वडील आईच्या जागी, आडनाव वडिलांच्या जागी. एरर नाही, काही नाही. दाखला मात्र चुकीचा.

हा घोळ जुनाच आहे बरं का. सबक्लासची कल्पना ओस्लोत डाल आणि न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ मध्ये आणली. तिथे आधी मूळ क्लासचे पॅरामीटर, मागून सबक्लासचे. म्हणजे बापाने एक वाढवला, की पोरांची सगळी रांग सरकली.

उपाय काय? जागेवर नाही, नावावर विसंबा. १९८३ च्या एडा भाषेत तशी सोय होती. पायथॉनने ती मॉड्युला-३ वरून घेतली. २००८ च्या पायथॉन ३.० मध्ये तर यादीत एक चांदणी टाकली, की तिच्या पुढचं सगळं नावानिशीच द्यावं लागतं.

तरी २०१८ मध्ये, ३.७ च्या डेटाक्लासमध्ये तोच पेच पुन्हा आला. मूळ क्लासमध्ये ऐच्छिक रकाना असेल, तर सबक्लासमध्ये सक्तीचा जोडता येईना, कारण रांगेत ऐच्छिकाच्या मागे सक्तीचा चालत नाही. २०२१ च्या ३.१० ने नावानिशी देण्याची सोय करून तो सोडवला.

आपल्याला हे नवं नाहीच. 'आईने बाळाला दूध दिलं' म्हणा, की 'बाळाला दूध दिलं आईने' म्हणा. 'ने' आणि 'ला' चिकटलेले आहेत, त्यामुळे दूध कोणी कोणाला दिलं, यात गोंधळ होत नाही.

तेव्हा super ला हाक मारताना आई=आई, वडील=वडील असं लिहा. चार अक्षरं जास्त टाइप होतील, पण कुणाच्या दाखल्यावरची आई हरवणार नाही. भेटू पुढच्या भागात!