मोती, पडळ आणि पिशवी

‘मोतीबिंदू’ हा शब्द फार देखणा आहे, आणि तिथेच त्याची खोड आहे. संस्कृतातल्या मौक्तिकाचा प्राकृतात ‘मोत्तिअ’ झाला, मराठीत मोती. त्याला बिंदू जोडला आणि आजाराचा दागिना झाला. त्यात क्रियापद जोडले तेही झाडावरचे: मोतीबिंदू ‘पिकतो’. जुन्या शस्त्रक्रियेत भिंग पुरते गढूळ होईपर्यंत थांबत, म्हणून हे पिकणे आले. शस्त्रक्रिया बदलली, क्रियापद मात्र तसेच राहिले.

आजीच्या बाबतीत ते खपून जाते. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र ‘पिकू द्या’ हा सल्ला घातक ठरतो. बाळाचा मेंदू पहिल्या काही आठवड्यांत पाहायला शिकतो. जन्मतःच दाट मोतीबिंदू असेल तर एका डोळ्यासाठी साधारण ६ आठवडे आणि दोन्ही डोळ्यांसाठी फार तर ८ ते १० आठवडे हातात असतात. उशीर झाला तर भिंग काढूनही डोळा मंदच राहतो.

‘मोतीबिंदू’ या शब्दातला बिंदू जुना आहे. सुश्रुताने कफज लिंगनाशाचे, म्हणजे मोतीबिंदूचे, वर्णन करताना हलत्या कमळपानावरच्या पाण्याच्या शुभ्र थेंबाची उपमा दिली आहे. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्यात, तेलुगू बोलणारी माणसे मोतीबिंदूला ‘शुक्लं’ म्हणतात. म्हणजे मराठीने थेंब घेतला, तेलुगूने त्याची शुभ्रता घेतली. चामोर्शी-मुलचेऱ्याच्या बंगाली वसाहतींत हाच आजार ‘छानि’. गोंडीत डोळा म्हणजे ‘कन’, तेलुगूच्या ‘कन्नु’चा भाऊबंद. एकाच जिल्ह्यात डोळे तपासायला निघालेल्या परिचारिकेला इतक्या भाषांतून वाट काढावी लागते. सुश्रुताने दृष्टीला मसुराच्या डाळीचे माप दिले आणि लॅटिनमध्ये ‘लेन्स’ म्हणजे मसूरच, हेही जाता जाता सांगतो. 

माझा आवडता शब्द मात्र पडळ. डोळ्यावर पडळ आले, असे जुनी माणसे म्हणत. हा संस्कृतातला ‘पटल’. ट चा ड आणि ल चा ळ होऊन आला. ‘पडदा’ याच्यासारखा दिसतो, पण त्याचा सोयरा नाही. पडदा फारसीतला. या फारसी पाहुण्याने दवाखान्यात मोठा घोळ घातला आहे. डोळ्याच्या मागचे दृष्टिपटल म्हणजे ‘पडदा’, त्याचे वेगळे ‘पडद्याचे डॉक्टर’. मोतीबिंदू काढल्यावर काही महिन्यांनी पुन्हा धूसर दिसू लागले की तोही ‘पडदा आला’. हे दोन पडदे एक नव्हेत. दुसरा पडदा म्हणजे भिंगाचे वेष्टन गढुळणे.

या वेष्टनाला कोशात ‘संपुट’ म्हणतात, तोंडात बसत नाही. लॅटिन ‘कॅप्सुला’ म्हणजे छोटी डबी. आपले डॉक्टर रुग्णाला ‘भिंगाची पिशवी’ म्हणतात. सोपे आहे, फक्त गावात ‘पिशवी काढली’ याचा अर्थ गर्भाशय काढले असा होतो, आणि लेकराच्या डोळ्यातली पिशवी फाडायची आहे असे कुणी म्हटले तर बाईच्या काळजात धस्स होणारच.

मुलांच्या मोतीबिंदूत सारी परीक्षा या पिशवीची असते. मोठ्यांत ती मागच्या मध्यभागी जेमतेम ४ मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या पंधराव्या हिश्श्याच्या आसपास. मुलांची पिशवी इतकी लवचिक, की गोल कापायला जावे तर चीर कडेकडे पळते. कधी मागचा भाग शंकूसारखा फुगलेला असतो. कधी गर्भातल्या रक्तवाहिन्या जिरायच्या राहून तिथे पांढरा चट्टा चिकटलेला असतो. कधी जन्मतःच भोक असते. मग मागच्या द्रवात पांढरे कण माशाच्या शेपटीसारखे हलताना दिसतात, अहमदाबादच्या डॉ. अभय वसावडा यांच्या चमूने ही खूण नोंदवली. रानात काटा किंवा काडी डोळ्यात घुसली तर पुढची पिशवी फाटून चांगले भिंगही पाहता पाहता पांढरे होते.

लहान मुलांत मागे राहिलेल्या पेशी झपाट्याने वाढून पिशवी हमखास गढुळते. म्हणून त्याच बैठकीत सर्जन मागच्या पिशवीलाही गोल खिडकी पाडतात आणि तिथला थोडा द्रव काढतात. पिशवीची ही गढुळता म्हणजेच ते पडळ. तो शब्द आपण उगाच अडगळीत टाकला. दृष्टिपटलाला ‘पडदा’ म्हणा, पिशवीवरच्या गढुळतेला ‘पडळ’, म्हणजे गोंधळ अर्धा मिटेल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासली जातात. जन्मजात मोतीबिंदू त्या यादीत आहे. पण तान्हे बाळ तितकी वाट पाहू शकत नाही. बुबुळात पांढरी झाक दिसली, किंवा डोळा मांजरीसारखा चमकला, तर आशाताईंना सांगा आणि त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा. ती झाक कधीकधी डोळ्यातल्या कर्करोगाचीही असते.