कोलंबियाची जळालेली हार्ड डिस्क

कोलंबिया या शटल अंतराळयानाच्या अखेरच्या प्रवासात एक छोटी हार्ड डिस्क होती. यान आकाशात फुटलं, डिस्क होरपळून जमिनीवर आदळली, आणि तरीही तिच्यातली जवळजवळ सगळी माहिती परत मिळाली. त्याच यानाबद्दलची दुसरी एक माहिती मात्र कधीच हाती आली नाही, कारण ती मिळवण्याची वेळ असताना कुणी ती मिळवलीच नाही. सात माणसांचे प्राण त्या दुसऱ्या माहितीशी बांधलेले होते. या घटनाक्रमातल्या वेळा फ्लोरिडाच्या घड्याळाप्रमाणे आहेत. भारतातलं घड्याळ तेव्हा साडेदहा तास पुढे होतं.

16 जानेवारी 2003, सकाळी 10.39
केनेडी अंतराळ केंद्रावरून कोलंबिया उडालं. यानात सातजण होते: कमांडर रिक हजबंड, पायलट विल्यम मॅकूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राउन, लॉरेल क्लार्क, इस्रायलचे पहिले अंतराळवीर इलान रामोन आणि हरियाणातल्या कर्नालच्या कल्पना चावला. कल्पनांची ही दुसरी खेप. 1997 मधली पहिलीही याच यानातून झाली होती. ही मोहीम निव्वळ विज्ञानाची होती. दोन पाळ्या लावून चोवीस तास प्रयोग चालणार होते.

उड्डाणाला जेमतेम 82 सेकंद झाली असतील, तोच बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. तुकड्याचं वजन पाऊण किलोच्या आसपास होतं, पण आघाताचा वेग ताशी 800 किलोमीटरच्या घरात होता. यानातल्या कुणालाही त्याची चाहूल लागली नाही.

17 जानेवारी
उड्डाणाचं चित्रण तपासणाऱ्या गटाला तो आघात दिसला. नेमका कुठे लागला आणि किती नुकसान झालं, हे त्या चित्रणावरून ठरवता येत नव्हतं. कक्षेत फिरणाऱ्या यानाचे फोटो संरक्षण खात्याच्या साधनांनी काढून मिळावेत, असा आग्रह अभियंत्यांनी धरला.

इकडे यानाच्या मालकक्षात एका बंद डब्यात झेनॉन वायूचा प्रयोग सुरू झाला होता. झेनॉन साधारण 16.6 अंश सेल्सियसला आणि ठरावीक दाबाखाली अशा स्थितीत येतो, की तो द्रव की वायू हे सांगताच येत नाही. दही घुसळलं की पातळ होतं, तसा या स्थितीतला झेनॉन ढवळल्यावर पातळ होतो का, हे पाहायचं होतं. पृथ्वीवर हे नीट मोजता येत नाही, कारण त्या स्थितीतला वायू स्वतःच्याच वजनाने तळाशी दाबला जातो. म्हणून प्रयोग अंतराळात नेला होता. निकेलची एक बारीक जाळी झेनॉनमध्ये हलकेच थरथरवली जात होती आणि तिला होणाऱ्या विरोधाची नोंद हार्ड डिस्कवर उमटत होती. काही माहिती रेडिओवरून खाली येत होती. पूर्ण नोंद मात्र डिस्कवरच होती.

22 आणि 23 जानेवारी
फोटोंसाठी वेगवेगळ्या वाटांनी तीन विनंत्या झाल्या. तिन्ही विरल्या. 22 तारखेला मोहिमेच्या व्यवस्थापनाने हा पाठपुरावा थांबवला. फोम याआधीच्या उड्डाणांतही निखळला होता आणि यानं सुखरूप परतली होती. त्यामुळे ती नित्याची बाब ठरून गेली होती. 23 तारखेला कमांडर आणि पायलटला ई-मेल गेला: फोम आदळला आहे, पण उतरताना त्याची चिंता नाही.

यान कक्षेत होतं, फोटो काढू शकणारी साधनं शाबूत होती, मागणारे अभियंतेही होते. नव्हता तो फक्त होकार.

1 फेब्रुवारी, पहाटे 2.30
यानाला खाली उतरवणारी तुकडी ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात कामावर आली. प्रयोग आटोपले होते, सामान बांधून झालं होतं.

सकाळी 8.15
हिंदी महासागरावर, शेपूट पुढे आणि पोट वर अशा स्थितीत कोलंबियाने इंजिनं पेटवली. अडीच मिनिटांहून थोड्या जास्त वेळाच्या त्या ज्वलनाने यानाचा वेग कमी झाला. आता माघार नव्हती.

8.44
पॅसिफिकवर सुमारे 122 किलोमीटर उंचीवर यान वातावरणात शिरलं.

8.48
डाव्या पंखाच्या पुढच्या तुळईवरच्या एका संवेदकाने नेहमीपेक्षा जास्त ताण नोंदवला. बिघाडाची ही पहिली खूण. ही नोंद यानातल्या चुंबकीय टेपवर झाली, पण ती ह्यूस्टनला जात नव्हती आणि अंतराळवीरांनाही दिसत नव्हती. यान आपलं दुखणं लिहून ठेवत होतं आणि ते वाचणारं कुणी नव्हतं.

8.53
कोलंबियाने कॅलिफोर्नियाचा किनारा ओलांडला. उंची 70 किलोमीटर, वेग ध्वनीच्या तेवीस पट. यानातून काहीतरी निखळताना जमिनीवरून पाहणाऱ्यांना दिसलं.

8.54
डाव्या पंखातल्या हायड्रॉलिक यंत्रणेचे चार संवेदक बंद पडल्याचं ह्यूस्टनमध्ये कळलं. चौघांना जोडणारा सामाईक दुवा सापडेना. पंखातल्या छिद्रातून तप्त वायू आत शिरला होता आणि तारा जाळत चालला होता.

8.59
डाव्या चाकांच्या टायरमधल्या दाबाचे आकडे नाहीसे झाले. ह्यूस्टनने हाक दिली. हजबंड उत्तर देऊ लागले आणि शब्द पुरा होण्याआधीच संपर्क तुटला. भारतात संध्याकाळचे साडेसात वाजत आले होते.

9.00
टेक्सासच्या आकाशात कोलंबिया फुटलं. सातही जण गेले. यान 9.16 ला फ्लोरिडाच्या धावपट्टीवर उतरणार होतं.

9.12 च्या सुमारास
यान फुटल्याची दृश्यं टीव्हीवर दिसत असल्याचं कळताच उड्डाण संचालकांनी कक्षाचे दरवाजे बंद करायला सांगितलं. कुणी बाहेर जायचं नाही, बाहेर फोन करायचा नाही, समोर आहे ती माहिती आहे तशी जपून ठेवायची. अपघातानंतरची ठरलेली कार्यपद्धत तशीच आहे. माहितीचं मोल त्या कक्षातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

फेब्रुवारी ते मे
टेक्सास आणि लुइझियानाची रानं, शेतं, तळी पालथी घातली गेली. 25,000 हून अधिक माणसं या शोधात उतरली. हेलिकॉप्टर कोसळून त्यातल्या दोघांचा जीवही गेला. 84,000 हून अधिक तुकडे जमले. यानाच्या वजनाच्या हिशेबात ते 38 टक्के भरले. 19 मार्चला टेक्सासमधल्या हेम्फिलजवळ ती नोंदयंत्राची टेप जवळपास शाबूत सापडली. सकाळी 8.48 चा तो ताण माणसांनी वाचला तो तेव्हा. घात डाव्या पंखातूनच झाला, हे तिने पक्कं केलं.

7 जुलैला सॅन अँटोनिओत शास्त्रज्ञांनी पंखाच्या खऱ्या पॅनेलवर फोमचा तसाच तुकडा तशाच वेगाने झाडला. पॅनेलला सुमारे 16 इंचांचं भगदाड पडलं.

अपघातानंतर साधारण सहा महिन्यांनी
आटलेल्या एका तळ्याच्या पात्रात झेनॉनच्या प्रयोगाची डिस्क सापडली. हार्ड डिस्क म्हणून ती ओळखूही येत नव्हती. बाहेरून ती जळून वितळलेल्या धातूचा गोळा झाली होती. ती मिनेसोटातल्या क्रोल ऑनट्रॅक या कंपनीकडे गेली. तिथल्या जॉन एडवर्ड्स यांनी ती धूळविरहित खोलीत उघडली. धूळ आत येऊ न देणारं सील वितळलं होतं, सर्किट बोर्डावरच्या चिप जळाल्या होत्या, माहिती साठवणाऱ्या तबकड्यांवर मातीने खड्डे पाडले होते. पण तबकड्या वाकल्या नव्हत्या.

अशा डिस्कला कधीही वीज जोडायची नसते. वाचणारा हेड तबकडीवर केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी अंतरावरून तरंगतो. धुळीचा कण आड आला की तो पृष्ठभाग खरवडतो आणि त्याखालची माहिती कायमची जाते. घरातली एक्स्टर्नल डिस्क टकटक करू लागली, तर ती पुन्हापुन्हा लावून पाहू नये, ते याच कारणाने. एडवर्ड्स यांनी तबकड्या रसायनाने धुतल्या, नव्या डिस्कमध्ये बसवल्या आणि मग वाचायला घेतल्या. दोन दिवसांत सुमारे 99 टक्के माहिती हाती आली.

यात नशिबाचाही वाटा होता. प्रयोगाच्या संगणकावर डॉस ही जुनी प्रणाली होती. ती माहिती विखरून न ठेवता सलग लिहीत जाते. डिस्क अर्धीच भरली होती आणि खड्डे पडले ते कोऱ्या भागात. कोलंबियातूनच सापडलेल्या आणखी दोन डिस्कमधून मात्र एडवर्ड्स यांना काहीच मिळवता आलं नाही. धातू फार तापला की त्याचं चुंबकत्व पुसलं जातं. मग कोणतंही कौशल्य चालत नाही.

एप्रिल 2008
अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतले रॉबर्ट बर्ग आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ मध्ये छापून आला. ढवळल्यावर झेनॉन खरंच पातळ होतो. सात अंतराळवीर सोळा दिवस ज्यासाठी खपले, त्यातलं एक उत्तर पाच वर्षांनी पूर्ण झालं.

या डिस्कची गोष्ट चमत्कार म्हणून सांगितली जाते. एडवर्ड्स यांचं काम थोरच आहे. पण जळालेल्या डिस्कसाठी झालेल्या कष्टांशेजारी 22 जानेवारी ठेवून पाहा. पंखाचे फोटो काढायला वितळलेला धातू उघडावा लागणार नव्हता. तेवढा एक निरोप पुढे जाऊ द्यायचा होता. फोटोंत भगदाड दिसलं असतं, तर कोलंबियाचा मुक्काम लांबवून अटलांटिस हे दुसरं यान घाईने वर पाठवता आलं असतं. ते अवघड आणि धोक्याचं होतं, पण अशक्य नव्हतं, असं अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळाच्या अहवालात नोंदवलेलं आहे.

जुलै 2005 मध्ये शटल पुन्हा उडालं, तेव्हा इंधनटाकीवरचा तो घात करणारा फोमचा भाग काढून टाकला होता. पंखांच्या कडांना आघात टिपणारे संवेदक बसवले होते. लांब दांड्यावरच्या कॅमेऱ्याने कक्षेतच पंख तपासले गेले, आणि यानाने अंतराळ स्थानकासमोर गिरकी घेतली ती खालच्या बाजूचे फोटो काढता यावेत म्हणून. त्यानंतरच्या शटल मोहिमांत अशी तपासणी होत राहिली. नुकसान झालं असेल का, ही शंका आता सभेत चर्चेला ठेवायची बाब उरली नाही. ती डोळ्यांनी पाहून मिटवणं हे मोहिमेच्या वेळापत्रकातलं काम झालं. माहिती वाचवायची ती अशी, यान धडधाकट असताना आणि माणसं घरी परतायची बाकी असताना.