1919 च्या आधीचे समाजशास्त्र

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात कॉम्त, मार्क्स, दुर्खीम आणि वेबर ही नावे ठरलेली असतात. भारताचे प्रकरण आले, की 1919 साली मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राचा विभाग आला आणि 1924 पासून गो. स. घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला, एवढे सांगितले जाते. विभागाचा इतिहास म्हणून हे बरोबर आहे, पण विचाराचा इतिहास त्याआधी सुरू होतो. 1909 साली श्रीधर व्यंकटेश केतकरांचा जातिसंस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला, 1915 साली त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ आले आणि 1916 साली भीमराव आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा निबंध वाचला. या तिघांना पूर्वतयारी करणारे म्हणून परिशिष्टात बसवले जाते. माझ्या मते त्यांची जागा संस्थापकांच्या ओळीत आहे, कारण आपल्या समाजाचे व्यवहार कोणत्या नियमाने चालतात हा शास्त्राचा मूळ प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याचे उत्तरही दिले.

आत्रे महसूल खात्यातले. काळी (शेतजमीन) आणि पांढरी (गावठाण), वतन, मिरास, बलुते, अलुते हे शब्द त्यांना कागदावरून तसेच खळ्यावरूनही माहीत होते. त्याआधी गावाविषयी जे चित्र रूढ होते ते चार्ल्स मेटकाफच्या 1830 च्या टिपणातले: हिंदुस्थानातले गाव म्हणजे स्वयंपूर्ण, छोटेसे गणराज्य. आत्र्यांनी त्या गणराज्याचा जमाखर्च मांडला. कुणब्याच्या खळ्यावर धान्याची रास पडली, की सुतार, लोहार, चांभार, महार, न्हावी, परीट आपापले बलुते, म्हणजे कामाबद्दलचा धान्याचा वाटा, मागायला येतात. बलुते वंशपरंपरेचे असल्याने काम वाईट झाले तरी कुणब्याला दुसरा लोहार करता येत नाही, आणि काम सुधारावे अशी निकड लोहारालाही उरत नाही. वतनाचे वाटे भाऊबंदांत पडत जातात, घेणारे हात वाढतात, जमीन मात्र तेवढीच राहते. हे नुसते वर्णन नव्हे. हक्क वंशाला चिकटला की स्पर्धा थांबते, कसब गोठते आणि सगळा भार नांगर धरणाऱ्यावर येतो, असा कार्यकारणभाव त्यात आहे. बलुत्यासारख्याच वंशपरंपरेच्या सेवा-मोबदल्याच्या, म्हणजे जजमानी, व्यवस्थेवरचा पहिला मोठा अभ्यास म्हणून विद्यापीठांत विल्यम वायझर यांचे पुस्तक शिकवतात. ते 1936 चे आहे, ‘गावगाड्या’नंतर 21 वर्षांनी आलेले.

आंबेडकरांचा निबंध तर तर्काच्या दृष्टीने याहून धारदार आहे. 9 मे 1916 रोजी मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात तो वाचला गेला, तेव्हा त्यांचे वय 25 होते. जन्माने मिळणारे सभासदत्व आणि बाहेर लग्नाला बंदी, ही केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती. आंबेडकर म्हणाले, ही दोन नाहीत, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. गटातच लग्न करायचे म्हटले, की स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राखावी लागते. नवरा गेला तर मागे राहिलेल्या बाईचे काय करायचे? तिला जाळायचे, नाहीतर आयुष्यभर विधवा ठेवायचे. बायको गेली तर पुरुषाला गटातच ठेवायचे आणि लग्नाच्या वयाला न आलेली मुलगी त्याला द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या वेगवेगळ्या वाटणाऱ्या प्रथा अशा एका नियमातून निघतात. पुढे गाब्रिएल तार्दच्या अनुकरणाच्या सिद्धांताचा आधार घेऊन, वरच्यांनी दार लावून घेतले की खालचेही तसेच का करतात, हे ते दाखवतात. घुर्यांनी 1932 साली जातीची सहा लक्षणे दिली आणि ती यादी आजही पाठ केली जाते. यादीने जात ओळखता येते. ती टिकते कशी, हे आंबेडकरांच्या निबंधातून कळते.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांतले काही खरे आहेत. आत्रे तटस्थ नव्हते. फिरस्त्यांकडे त्यांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळातल्या अंमलदाराच्या नजरेने पाहिले, आणि त्या पानांचे समर्थन करता येणार नाही. पण वेबरने हिंदुस्थानात पाऊल न टाकता हिंदू धर्मावर ग्रंथ लिहिला म्हणून आपण त्याला वगळत नाही, तपासून वाचतो. आत्र्यांनाही तसेच वाचावे. आंबेडकर सुधारक होते, शास्त्रज्ञ नव्हते, असेही म्हणतात. पण महाडचा सत्याग्रह या निबंधानंतर 11 वर्षांनी झाला, आणि निबंधाची भाषा पुरावा आणि अनुमान यांची आहे. सर्वांत वजनदार आक्षेप असा, की या तिघांनी शिष्यपरंपरा निर्माण केली नाही. घुर्यांनी मात्र एम. एन. श्रीनिवास, इरावती कर्वे, अ. र. देसाई घडवले. हे मान्यच करायला हवे. शिष्य घडवणे हे मोठे काम आहे, पण संकल्पनेचे मोल शिष्यांच्या संख्येवर ठरत नाही. श्रीनिवासांच्या ‘संस्कृतीकरणा’त खालच्या जाती वरच्यांचे आचार उचलतात, हा विचार 1952 मध्ये ग्रंथरूपाने आला. अनुकरणाने जात पसरते हे आंबेडकर 1916 सालीच सांगून गेले होते.

म्हणून मराठीतून समाजशास्त्र शिकवणाऱ्यांना आग्रहाची विनंती आहे. दुर्खीमची श्रमविभागणी शिकवताना शेजारी बलुत्याचे प्रकरण ठेवा, आणि जातीचा धडा सहा लक्षणांऐवजी 1916 च्या निबंधापासून सुरू करा. निबंधाचा मराठी अनुवाद सहज मिळतो, आणि ‘गावगाडा’ तर मुळातच मराठीत आहे.