सहा महिन्यांचा टायमर

ग्रीनकार्डवाल्यांच्या घोळक्यात अर्धा तास उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "सहा महिने व्हायच्या आत एकदा तिकडे तोंड दाखवून यायचं, मग पुन्हा सहा महिने निवांत!" म्हणजे जणू कुठल्यातरी सर्व्हरवर एक टायमर चालू आहे आणि आपण लॉगिन केलं की तो रीसेट होतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही कल्पना लगेच पटते, कारण सेशन टाइमआउट हा रोजच्या जेवणातला पदार्थ!

पण मुलानातवंडांसाठी ग्रीनकार्ड घेतलेले आणि वर्षातले दहा महिने पुण्यात राहणारे आईबाबा हाच हिशोब धरून विमानात बसतात. विमानतळावरचा अधिकारी मात्र त्यांना वेगळंच काहीतरी विचारतो. म्हणून हे सहा महिने आले कुठून, ते शोधायला मी बसलो, आणि मागे मागे जात थेट १८१३ सालात पोचलो.

त्या वर्षी अमेरिकेचं ब्रिटनशी युद्ध चालू होतं. जहाजांवरच्या खलाशांसाठी एक कायदा झाला आणि त्यात नागरिकत्वाबद्दल एक कलम होतं. नागरिक व्हायचं असेल तर सलग पाच वर्षं अमेरिकेत राहायचं आणि त्या काळात एकदाही देशाच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. एकदाही नाही, म्हणजे एक दिवससुद्धा नाही! अमलात आणायला एकदम सोपा नियम, पण माणसांना न झेपणारा. १८४८ मध्ये ती अट काढून टाकली.

पुढची गोष्ट जास्त कडू आहे. १८८२ मध्ये चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी झाली, पण आधीपासून तिथे असलेल्यांना एक सवलत होती. गावी जाताना सरकारकडून दाखला घ्यायचा आणि परतताना तो दाखवायचा. चे चान पिंग नावाचा मजूर १८७५ पासून सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता. २ जून १८८७ ला तो रीतसर दाखला घेऊन चीनला गेला. ७ सप्टेंबर १८८८ ला हाँगकाँगहून बेल्जिक या बोटीने परत निघाला. बोट समुद्रात असताना, १ ऑक्टोबरला, स्कॉट कायदा झाला आणि असे सगळे दाखले रद्द झाले. असे वीसेक हजार दाखले तेव्हा लोकांच्या हातात होते असं सांगतात. ८ ऑक्टोबरला बोट बंदराला लागली. चे चान पिंगला उतरू दिलं नाही.

आठवडाभराचा फरक! बारा वर्षांचं वास्तव्य, सरकारचाच शिक्का असलेला कागद, आणि तरीही दार बंद. तो सुप्रीम कोर्टापर्यंत लढला. मे १८८९ मध्ये कोर्टाने एकमताने निकाल दिला, की परत येण्याची परवानगी हा करार नाही. तो सरकारच्या मर्जीवरचा परवाना आहे आणि सरकार तो केव्हाही काढून घेऊ शकतं. त्याला परत पाठवलं गेलं.

यानंतर १९२४ चा कायदा आला. याने देशोदेशीच्या लोकांचे कोटे ठरवले, पण 'तात्पुरत्या परदेशभेटीवरून परतणारा' रहिवासी कोट्याबाहेर ठेवला. हे शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं यांच्यावरच उभं आहे. आपल्या लोकांसाठी तर ते फारच मोलाचे होते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारलं गेलं होतं, आणि १९२४ च्या कायद्याने नागरिकत्वाला अपात्र असलेल्यांना येणंच बंद केलं. मात्र आधीपासून राहणारा माणूस तात्पुरता जाऊन परत येत असेल, तर त्याला या बंदीतून सूट होती. त्याच कायद्यात री-एन्ट्री परमिटही आलं, तेव्हा एक वर्षाच्या मुदतीचं. पण कायद्याने तिथेच बजावलं होतं, की भेट तात्पुरती होती याचा हा केवळ पुरावा, त्यापलीकडे काही नाही.

मग तात्पुरतं म्हणजे किती? १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच आठवड्यांच्या अंतराने दोन निकाल दिले. ते शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. पहिला क्वाँग हाय च्यू या खलाशाचा. तो कायमचा रहिवासी होता आणि अमेरिकन जहाजावर नोकरीला होता. काही महिन्यांच्या सफरीनंतर परतल्यावर त्याला सुनावणीशिवायच अडवलं. कोर्ट म्हणालं, असं चालणार नाही, हा माणूस जणू बाहेर गेलाच नव्हता असं समजून त्याला सुनावणी द्या.

दुसरा इग्नाट्झ मेझेईचा. हा पंचवीस वर्षं अमेरिकेत, बफेलो शहरात राहिलेला. १९४८ मध्ये मरणपंथाला लागलेल्या आईला भेटायला तो रुमानियाकडे निघाला. रुमानियाने आत घेतलं नाही. हंगेरीत अडकला आणि तिथून बाहेर पडायची परवानगी मिळेपर्यंत १९ महिने गेले. फेब्रुवारी १९५० मध्ये न्यूयॉर्कला पोचल्यावर गुप्त माहितीच्या आधारे त्याला एलिस बेटावर ठेवलं गेलं. कारण सांगितलं नाही, सुनावणी नाही. दुसरा कुठला देशही घेईना! कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. हा री-एन्ट्रीचे कागद न घेता १९ महिने पोलादी पडद्यामागे राहिला, तेव्हा त्याला नव्याने येणाराच समजायचं. शेवटी १९५४ मध्ये त्याची सुटका झाली, पण कोर्टामुळे नव्हे, सरकारला वाटलं म्हणून.

मला इथे थांबावंसं वाटतं. या निकालाला १९ महिन्यांचा आकडा दिसला, पण त्यातला बराच काळ तो माणूस परतायचीच धडपड करत होता. आपल्याकडे २०२० च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, तेव्हा भारतात आलेल्या किती ग्रीनकार्डवाल्यांच्या पोटात गोळा आला असेल, ते यावरून कळतं.

१९६३ मध्ये वारं थोडं फिरलं. जॉर्ज फ्लूटी हा स्विस रहिवासी दोनेक तासांसाठी मेक्सिकोत जाऊन आला होता. सरकार म्हणालं, हा 'नवीन प्रवेश' झाला, आता प्रवेशाच्या सगळ्या अटी नव्याने लावू. कोर्ट म्हणालं, निरुपद्रवी, सहज आणि थोडक्या वेळाच्या फेरीमुळे माणूस नवखा होत नाही.

आणि आता आपले सहा महिने. १९९६ च्या कायद्याने ठरवलं, की परतणाऱ्या कायम रहिवाशाला नव्याने प्रवेश मागणारा समजायचं नाही. मात्र याला अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहणं. पण त्याच यादीत आणखी एक अपवाद स्वतंत्रपणे दिलाय, ज्याने आपलं रहिवासीपण सोडून दिलं आहे तो. म्हणजे टायमर आहे, पण तो एकटा नाही. १८० दिवसांच्या आत परतलात तरी दुसरा प्रश्न शिल्लक राहतोच, की तुमचं घर नक्की कुठे आहे?

याचं उत्तम उदाहरण १९७५ चं आहे. जमैकाची एक बाई दरवर्षी साधारण अकरा महिने जमैकात राहून आपलं लॉजिंग चालवायची आणि महिनाभर अमेरिकेत यायची. इमिग्रेशनच्या अपील मंडळाने सांगितलं, तात्पुरती भेट तर अमेरिकेची झाली, जमैकाची नव्हे! 'तोंड दाखवून येणे' पद्धतीला इतकं सरळ उत्तर दुसरं नसेल.

कॅनडाने उलटा प्रवास केला. तिथे आधी १२ महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर तुम्ही देश सोडला असं गृहीत धरलं जायचं, आणि तसं नाही हे अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागायचं. जून २००२ पासून सरळ हिशोब आला, पाच वर्षांत ७३० दिवस. कॅनेडियन नागरिक असलेल्या जोडीदाराबरोबर परदेशी राहिलात तर तेही दिवस धरतात. अमेरिका मन वाचते, कॅनडा दिवस मोजतो. मनाचा पुरावा द्यावा लागतो, दिवस एक्सेलमध्येही मावतात. इंजिनियर म्हणून माझं मत कॅनडाला. पण मेझेईसारखा माणूस डोळ्यांसमोर आला की वाटतं, नुसते दिवस मोजणाऱ्यानेही कारण ऐकून घ्यायची सोय ठेवायला हवी. (कॅनडाने ती ठेवली आहे, माणुसकीच्या मुद्द्यावर सूट मागता येते.)

मी वकील नाही, तेव्हा हा सल्ला समजू नका. पण दोनशे वर्षांचा हा इतिहास वाचून एवढं नक्की कळतं, की भेट तात्पुरती होती हे परतल्यावर नुसतं सांगून भागत नाही. का गेलात, केव्हा परतणार होतात, घर, नोकरी, टॅक्स कुठे, याचे कागद निघण्याआधीच हाताशी हवेत. लांबचा मुक्काम असेल तर री-एन्ट्री परमिटचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, आणि आता ते साधारणपणे दोन वर्षांपर्यंतचं मिळतं. नागरिकत्वासाठीचं घड्याळ आणखी वेगळं, त्याबद्दल पुन्हा केव्हातरी.

आणि ज्यांचे आईबाबा खरोखर पुण्यातच रमले आहेत त्यांनी एकदा त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावं. सत्तरीत दर सहा महिन्यांनी अठरा-वीस तासांचा प्रवास नक्की कोणासाठी चाललाय? व्हिजिटर व्हिसावर निवांत येणं त्यांना कदाचित जास्त आवडेल. विचारून तर बघा.