न लागलेले ठोसे : योशिओ शिराई आणि ताब्यातून सुटलेला जपान

१९ मे १९५२ रोजी टोकिओतील कोराकुएन या बेसबॉलच्या मैदानात रिंग उभारून मुष्टियुद्धाचा एक सामना झाला. दादो मारिनो हा हवाईचा मुष्टियोद्धा फ्लायवेट गटाचा जगज्जेता होता. त्याला आव्हान देणारा योशिओ शिराई अठ्ठावीस वर्षांचा. पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर निर्णय झाला आणि जपानला पहिला व्यावसायिक जगज्जेता मुष्टियोद्धा मिळाला. बरोबर एकवीस दिवस आधी, २८ एप्रिलला, सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता-तह अमलात येऊन जपानवरचा दोस्तराष्ट्रांचा ताबा संपला होता. तारखांची ही जवळीक इतकी सोयीची आहे की तिच्यावरून एक राष्ट्रीय आख्यान जणू आपोआपच रचले जाते. १९४९ मध्ये हिदेकी युकावा यांना भौतिकशास्त्राचे नोबेल, १९५१ मध्ये व्हेनिसला कुरोसावांच्या ‘राशोमोन’चा गौरव आणि १९५२ मध्ये शिराई : पराभूत राष्ट्र पुन्हा उभे राहिल्याच्या या पायऱ्या जपानी लोकस्मृतीत आजही एकापाठोपाठ एक येतात. या आख्यानात खोटे काहीच नाही. मात्र शिराईच्या कारकिर्दीकडे जरा जवळून पाहिले तर त्यात न मावणाऱ्या गोष्टी दिसू लागतात, आणि माझ्या मते त्याच अधिक मोलाच्या आहेत.

शिराईचा जन्म १९२३ चा, टोकिओचा. शाळकरी वयात जत्रेतल्या खेळात एका कांगारूशी मुष्टियुद्ध खेळण्याची हौस त्याने भागवून घेतली आणि तिथून हा नाद लागला, असे सांगतात. व्यावसायिक म्हणून तो उतरला १९४३ मध्ये, म्हणजे युद्ध ऐन भरात असताना. सुरुवातीचे सामने त्याने जिंकले, पण लवकरच नौदलात विमानांच्या देखभालीच्या कामावर जावे लागले. युद्ध संपल्यावर तो परतला तो दुखावलेली कंबर घेऊन. रिंगमध्ये उतरू लागला खरा, पण संपत आलेल्यांत त्याची गणना होऊ लागली होती.

त्या काळी जपानमध्ये मुष्टियुद्ध म्हणजे काय, याचे उत्तर एका नावात होते : पिस्टन होरिगुची. टोपणनावच पुरेसे बोलके आहे. दोन्ही हात यंत्रासारखे चालवीत पुढे, पुढे आणि पुढेच जायचे. दहा ठोसे खायचे आणि वीस द्यायचे. प्रेक्षक त्याला पालखीसारखी मिरवणूक वाहताना देतात तशा ‘वाश्शोई, वाश्शोई’ या आरोळ्यांनी साथ देत. युद्धपूर्व जपानच्या आक्रमक मनोवृत्तीशी या शैलीचा मेळ किती सहज बसला असेल, हे वेगळे सांगायला नको. होरिगुची १९५० मध्ये रेल्वेखाली सापडून गेला. शेकडोहून अधिक सामन्यांत त्याच्या देहाने किती मार साठवला होता, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

शिराईच्या आयुष्यात १९४८ मध्ये आल्विन कान हा अमेरिकन आला. हा मनुष्य मुष्टियुद्धाचा प्रशिक्षक नव्हता. तो जीवशास्त्रज्ञ होता. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या कासवांवर त्याने ग्रंथ लिहिला होता. जपानमध्ये तो मॅकआर्थर यांच्या मुख्यालयाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागात कामाला होता आणि जपानी मोत्यांच्या शेतीवर १९४९ मध्ये निघालेला अहवाल त्याचाच. (मोती आणि शिष्य यांचे रूपक इथे हात जोडून उभे आहे, पण ते फार सोपे असल्यामुळे सोडून देऊ.) सरावाच्या जागी त्याने शिराईला पाहिले आणि संपत आलेल्या या खेळाडूत त्याला वेळेचे अचूक भान दिसले. ठोसा कधी निघावा हे ज्याच्या शरीराला उपजत कळते, त्याला बाकीचे शिकवता येईल, असा त्याचा हिशेब असावा.

त्याने जे शिकवले ते होरिगुचीच्या नेमके उलट होते. ठोसा खायचाच नाही. अंतर राखायचे, डाव्या हाताच्या सरळ ठोशाने समोरच्याला दूर ठेवायचे, पाय हलते ठेवायचे, आणि प्रतिस्पर्धी चुकला की उजवा हात सोडायचा. शिराईची उंची सुमारे १६९ सेंटिमीटर, फ्लायवेटच्या मानाने चांगलीच. ती आजवर वाया जात होती, कारण पुढे धावणाऱ्याला उंचीचा उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट अन्नाची. फ्लायवेटची मर्यादा ११२ पौंड, म्हणजे ५०.८ किलो. आज त्याहून हलके दोन गट आहेत, पण ते १९७५ आणि १९८७ मध्ये आले. १९५२ मध्ये जगातला सर्वांत हलका गट हाच होता. या गटात वजन कमी ठेवणे ही शिस्त मानली जाते. पण युद्धोत्तर टोकिओत, शिधापत्रिका आणि काळाबाजार यांच्यामध्ये जगणाऱ्या शहरात, हलके असण्यासाठी कसलीच शिस्त लागत नव्हती. कानने शिष्याच्या ताटाकडे लक्ष दिले. ताबेदारांना मिळणारे पौष्टिक अन्न त्याच्यापर्यंत पोचवले. विजेत्यांच्या भांडारातून आलेल्या अन्नावर पराभूत राष्ट्राचा नायक पोसला गेला, हे वाक्य कठोर वाटेल, पण ते टाळून हा इतिहास सांगता येत नाही.

फळ लवकर दिसले. १९४९ च्या जानेवारीत शिराई जपानचा फ्लायवेट विजेता झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बँटमवेटचे विजेतेपदही त्याने हिरोशी होरिगुचीकडून, म्हणजे पिस्टनच्याच भावाकडून, घेतले. मारिनोशी पहिली गाठ मे १९५१ मध्ये टोकिओत पडली. किताब पणाला नव्हता आणि शिराई निसटता हरला. डिसेंबरात होनोलुलूत त्याने मारिनोला सातव्या फेरीत थांबवले. पर्ल हार्बरला त्या महिन्यात दहा वर्षे पुरी होत होती. किताबाची लढत घ्यायची तर देशात तिचे नियमन करणारी संस्था हवी, म्हणून एप्रिल १९५२ मध्ये जपान बॉक्सिंग कमिशन स्थापन झाले. एका माणसाच्या सामन्यासाठी एका खेळाची राज्यघटना लिहिली गेली म्हणायची.

सामन्याआधी शिराई दडपणाखाली होता. तेव्हा स्वतःसाठी नव्हे, जपानसाठी लढ, असे कानने त्याला बजावले, अशी आठवण सांगितली जाते. राष्ट्रीय आख्यानाने ही आठवण उचलून धरली हे साहजिक आहे. पण ती पुन्हा वाचावी. जपानसाठी लढ असे सांगणारा अमेरिकन. ज्याला हरवायचे तोही फिलिपिनो वंशाचा अमेरिकनच. आणि लढायचे ते चढाई न करता. सुमारे चाळीस हजार प्रेक्षक ज्या गोष्टीचा जयघोष करत होते, ती त्यांच्या ओळखीच्या शौर्याची नव्हती. आपल्या भाषेतही ‘मागे हटणे’ आणि ‘पाठ दाखवणे’ यांतले अंतर फारसे राहिलेले नाही. जपानीत ते त्याहून अधिक असेल असे मानायला जागा नाही. तरीही त्या रात्री मागे सरकणारा माणूस नायक ठरला.

मराठी वाचकाला इथे दुसरी एक आठवण होईल. त्याच वर्षी जुलैत हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी बँटमवेट कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्या गटाचे सुवर्ण शोहाची इशिई या जपानी मल्लाचे होते आणि त्या स्पर्धेतले जपानचे ते एकमेव सुवर्ण. दोन्ही देशांच्या आशा त्या उन्हाळ्यात हलक्या वजनाच्या माणसांनी वाहिल्या.

शिराईने किताब चार वेळा राखला : मारिनो, टॅनी काम्पो, इंग्लंडचा टेरी ॲलन आणि लिओ एस्पिनोसा. मग पास्क्वाल पेरेझ आला. अर्जेंटिनाचा हा खेळाडू १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, उंचीने शिराईपेक्षा वीतभर कमी, आणि अंतर राखण्याच्या विद्येला पुरून उरणारा. जुलै १९५४ मध्ये ब्युनोस आयरिसला बरोबरी झाली. २६ नोव्हेंबरला टोकिओत पेरेझने किताब नेला. ३० मे १९५५ ला परतीच्या लढतीत पाचव्या फेरीत शिराई पडला आणि तिथेच थांबला. एकतीस वर्षांचा होता. अट्ठावन्न सामन्यांनंतर तो धडधाकट बाहेर पडला, हे मला त्याच्या किताबाइतकेच महत्त्वाचे वाटते.

पुढचा जपानी विजेता १९६२ मध्ये आला : एकोणीस वर्षांचा फायटिंग हारादा, थायलंडच्या पोन किंगपेचला अकराव्या फेरीत पाडणारा. हारादा थांबत नसे. ठोशांच्या सरीवर सरी घेऊन अंगावर जाई. त्याचे गुरू ताकेशी सासाझाकी हे १९४१ मध्ये पिस्टन होरिगुचीशी गाजलेली लढत खेळलेले. जपानी प्रेक्षकांना त्यांचा जुना ‘वाश्शोई’ परत मिळाला. हारादा थोर खेळाडू होता यात शंका नाही; त्याने पुढे १९६५ मध्ये बँटमवेटमध्ये ब्राझीलच्या एडर जोफ्रेला हरवले. पण शिराईची विद्या जपानी मुष्टियुद्धाची मुख्य परंपरा होण्याऐवजी एक अपवाद म्हणून उरली, ती निदान काही काळ. विजय राष्ट्राने घेतला, रीत मागे ठेवली.

कान मायदेशी परतला नाही. ताबा संपला, नोकरी संपली, शिष्याची कारकीर्दही संपली, तरी तो जपानमध्येच राहिला. त्याला मूलबाळ नव्हते. उतारवयात शिराई दांपत्याने त्याचा सांभाळ केला, १९७१ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत. वजन, अंतर आणि आहार यांचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाची मालमत्ता शिराईकडे गेली.

शिराई २००३ च्या डिसेंबरात वारला. त्याआधी १९९५ मध्ये त्याने योको गुशिकेनबरोबर टोकिओत एक व्यायामशाळा काढली होती. दोघांची आडनावे जोडून तिचे नाव ठेवले होते. गुशिकेन लाइट फ्लायवेटचा, शिराईच्या वेळी नसलेल्या त्या नव्या गटाचा, जगज्जेता. १९७६ ते १९८१ या काळात त्याने तेरा वेळा किताब राखला. तो ओकिनावाच्या इशिगाकी बेटाचा, जन्म १९५५ चा. २८ एप्रिल १९५२ च्या तहाने ओकिनावा मोकळे केले नव्हते. ती बेटे अमेरिकेकडेच राहिली आणि १९७२ मध्ये परत आली. शिराईच्या विजयाने ज्या ताब्याचा शेवट साजरा झाला, त्याच ताब्यात गुशिकेन लहानाचा मोठा झाला. ती व्यायामशाळा २०२० मध्ये बंद झाली.