आधी कुठलं गाठोडं?

८८ वर्षं आणि १ दिवस आधी

२५ जुलै १९१७. मुंबई सरकार ठरवतं की कारभाराची लिपी यापुढे मोडी नव्हे, बाळबोध. सोय व्हावी, इलाखाभर एकसारखं असावं, एवढंच कारण. खालापूर तेव्हा कुलाबा जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्याचा पेटा आणि तिथल्या कचेरीत माझे पणजोबा कारकून. ठराव झाला म्हणून त्यांचा बोरू थांबला नाही. मोडी पुढेही कित्येक वर्षं शाळेत शिकवत होते, दुकानदारांच्या चोपड्या मोडीतच चालत होत्या. कागदभर आडवी रेघ आधी ओढून घ्यायची आणि हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. शब्द कुठे तुटतो, इकार ऱ्हस्व की दीर्घ, ही काळजी वाचणाऱ्याने करावी. घाट एका दमात उतरणाऱ्या मेलसारखी लिपी ती. बाळबोध म्हणजे दर स्टेशनला थांबणारी पॅसेंजर. पणजोबा मेलचे माणूस.

७७ वर्षं आधी

हे मला फार उशिरा कळलं, पण जागा इथेच. ९ ऑगस्ट १९२८ च्या रात्री इस्तंबूलच्या गुल्हाने बागेत तुर्कस्तानचा अध्यक्ष मुस्तफा केमाल जमलेल्या लोकांना सांगतो की तुर्की आता नव्या, लॅटिन अक्षरांत लिहायची. तुर्कीत आठ स्वर. अरबी अक्षरांत ते नीट मावत नव्हते, ही तक्रार जुनीच होती. अक्षरं ठरवणाऱ्या समितीतल्या मंडळींच्या मनात काही वर्षांची मुदत होती. केमालने तीन महिने म्हटलं. १ नोव्हेंबरला कायदा झाला, १ डिसेंबरपासून वर्तमानपत्रं नव्या २९ अक्षरांत, १ जानेवारी १९२९ पासून जुन्या अक्षरांत पुस्तक छापायला बंदी. जुलूमच म्हणायचा. पण तारीख सगळ्यांना ठाऊक होती. एखाद्या आजोबाने आपल्या कागदांवर नव्या अक्षरांत चिठ्ठी डकवून ठेवली असेल: हे जमिनीचं, हे उधारीचं. आमच्याकडे मोडी इतक्या सावकाश गेली की चिठ्ठी लावायची आठवण कुणालाच झाली नाही.

२६ वर्षं आधी

आजोबा गेले. घरातला मोडी वाचणारा शेवटचा माणूस. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी बाबांना पाटीवर मोडी शिकवायला घेतली होती. बाबा स्वतःच्या नावापर्यंत पोचले आणि सुट्टी संपली.

मंगळवार, २६ जुलै २००५, सकाळी ८

कर्जतचा पाऊस, म्हणजे रोजचाच. आमचं घर उल्हास नदीच्या अंगाला, खालच्या आळीत. काका पहिल्या पाळीला खोपोलीला गेलेले. माजघरात पणजोबांची सागवानी पेटी, तीन खणांची, लोखंडी पट्ट्या मारलेली. तिच्यावर गाद्यांची चवड.

दुपारी २

गाड्या बंद पडल्याचं शेजारच्या मुलाने सांगितलं. नदीचा रंग चहासारखा झालेला. आजी म्हणाली, "असा आवाज मी ऐकला नाही कधी." आम्ही भजी तळली. खरं सांगायचं तर मजाच वाटत होती.

दुपारी ४

वीज गेली. मुंबईत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, नेरळ-माथेरानची रेल्वे वाहून गेली आणि ती गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं, हे सगळं नंतरचं.

संध्याकाळी ६:३०

विहीर आणि अंगण एक झालं. बाबांनी तांदळाची पोती माळ्यावर चढवली, मग गॅसची टाकी, मग देव. पेटीचं नाव कुणी काढलं नाही.

७:४५

पाणी ओटीवर. पेटी तिघांनाही हलेना. पावसाने फुगून झाकणही धरून बसलेलं. बाबांनी कोयता घालून उचकटलं.

७:५५

बॅटरीच्या उजेडात तिन्ही खण भरून कागदांचे रुमाल. पूर्वी म्हणे तांबडा रुमाल एका कामाचा, पांढरा दुसऱ्याचा. पण मध्ये एकदा कसर लागली तेव्हा आईने सगळी गाठोडी उन्हात घालून जुन्या साड्यांच्या तुकड्यांत नव्याने बांधली होती, नीटनेटकी, एकसारखी. बाबांनी एक सोडलं. रेघेला लटकलेली अक्षरं, पानभर, कुठे श्वास नाही. दुसरं सोडलं. तेच.

"आई, जमिनीचे कुठले?"

आजी वाकली. तिला मोडी येत नव्हती. सासऱ्याची सही तेवढी ओळखायची. सही सगळ्यांवर होती.

८:०५

डावा खण बॅटरीच्या बाजूला, म्हणून तिथून सुरुवात केली. मी शिडीवर, बाबा खाली. एकेक गाठोडं वर. मधल्या खणापर्यंत पोचलो तेव्हा पाणी बाबांच्या गुडघ्याला. पेटीचा तळ आधीच भिजलेला, गाठोडी दगडासारखी जड.

८:२०

शिडी सरकली. बाबा म्हणाले, "राहू दे आता."

बुधवार, सकाळी ७

पाणी उतरलं. उजव्या खणात एक राखाडी लगदा. बोरूची काळी शाई ती, पाण्यात विरघळून गेलेली. एका कागदावर राजाच्या डोक्याचा छापील स्टॅम्प जसाच्या तसा, आणि त्याखाली धुक्यासारखा डाग. आजीने तो कागद तव्यावर सुकवून पाहिला.

त्यानंतर

जमिनीचा प्रश्न पुढे निघाला, कर्जत-खालापुरात कुणाचा निघत नाही, तेव्हा वाचलेली गाठोडी मी पुण्याला एका मोडी वाचणाऱ्या गृहस्थांकडे नेली. तीन दुपारी बसून त्यांनी वाचली. भाताची उधारी. एका लग्नातली आहेराची यादी, त्यात सात तांबे. बैल आजारी पडल्याचा खर्च. पुन्हा भाताची उधारी.

पेटी पाहायला म्हणून ते एकदा घरी आले. चहा घेतला, आणि झाकणाच्या आतल्या बाजूकडे बघत राहिले. तिथे पांढऱ्या तेलरंगात एक ओळ आहे, पुरातही न पुसलेली. लहानपणी त्या वळणांवर बोट फिरवत आम्ही गाडी-गाडी खेळायचो, नक्षी समजायचो.

त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं: "डावा हिशेब. मधला किरकोळ. उजवा जमीन."

आजी दारात उभी होती. "मामंजींचं अक्षर," ती म्हणाली आणि रिकामा कप घेऊन आत गेली.