प्रतीक्षा आणि स्मरण : मराठी प्रेमकादंबरी व तिचा तरुण वाचक

१

मराठी कादंबरीविषयक समीक्षेत तरुण वाचक वारंवार भेटतो. पण भेटतो तो बहुधा पाल्य म्हणून. त्याच्यावर चांगले संस्कार व्हावेत, त्याचे चित्त चळू नये, त्याची अभिरुची बिघडू नये, अशा चिंतेच्या संदर्भातच त्याचा उल्लेख होतो. तो प्रेमकादंबरी का वाचतो, तिच्यात त्याला कोणता आनंद मिळतो, पुढच्या प्रकरणाची, पुढच्या अंकाची, आवडत्या लेखकाच्या पुढच्या पुस्तकाची तो एवढ्या आतुरतेने वाट का पाहतो, हे प्रश्न क्वचितच गंभीरपणे विचारले गेले आहेत. 'रंजनपर', 'स्वप्नाळू', 'पलायनवादी' ही विशेषणे लावली की चर्चा संपते. ज्या वाचकवर्गाच्या बळावर मराठी कादंबरीचा संसार शंभर-सव्वाशे वर्षे चालला, त्याच्या आनंदाचा इतिहास त्यामुळे अलिखित राहिला.

संस्कृत काव्यशास्त्राला या आनंदाचा संकोच वाटत नव्हता. मम्मटाने विप्रलंभ शृंगाराचे अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास आणि शाप असे पाच हेतू सांगितले आहेत. त्यांतील अभिलाष हा मीलनापूर्वीचा. जे अजून घडलेले नाही, परंतु घडावे असे वाटते, त्याची ओढ हाही रसाचाच विषय, ही त्यामागची भूमिका. प्रेमकादंबरीचा शेवट वाचकाला बहुधा आधीच ठाऊक असतो. तरीही त्याची उत्कंठा कमी होत नाही. कारण ती 'काय होणार' याविषयीची नसते, 'कसे आणि केव्हा होणार' याविषयीची असते. मात्र शास्त्राने नायक-नायिका गृहीतच धरलेले असतात. वाङ्मयेतिहासाला वेगळा प्रश्न विचारावा लागतो : सामान्य मराठी घरातील मुलामुलींना अभिलाषाचा हा काळ प्रत्यक्ष आयुष्यात केव्हा उपलब्ध झाला? प्रेमकादंबरीच्या वाचनाचा इतिहास या प्रश्नापासून सुरू होतो.

२

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पांढरपेशा मराठी घरांत बाल्य आणि विवाह यांच्यामध्ये मोकळा काळ जवळजवळ नव्हताच. आठव्या-दहाव्या वर्षी मुलीचे लग्न होई. निवड करायची नाही, म्हणून वाट पाहायची नाही. आणि वाट पाहायची नाही, म्हणून प्रेमकथेला जागा नाही. या स्थितीत लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) या कादंबरीने आणि त्याच दशकातील नारो सदाशिव रिसबूड यांच्या 'मंजुघोषा'ने कल्पित राज्यांचा आश्रय घेतला, यात नवल नाही. भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' या नावांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती दाखविल्या आणि 'मुक्तामाला' प्रवृत्तीला रंजनाच्या खाती जमा केले. रूपाच्या दृष्टीने ही विभागणी उपयुक्त आहे. पण अद्भुताचा आश्रय हा केवळ लेखकांच्या दुर्बलतेचा पुरावा नव्हे. ताटातूट, शोध आणि पुनर्मीलन यांना भोवतालच्या वाड्यात स्थळ नव्हते, म्हणून ते राजवाड्यात आणि अरण्यात शोधावे लागले, असाही त्याचा अर्थ होतो.

हरी नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी त्यातून क्रमशः येऊ लागली. संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात रण माजले होते तो हाच काळ. १८९१ च्या त्या कायद्याने संमतीचे वय १० वरून १२ वर नेले. एकीकडे सभांतून बालवधूविषयी वाद आणि दुसरीकडे दर आठवड्याला एका बालवधूच्या तोंडून तिची कहाणी, असा हा योग होता. या कादंबरीत प्रेम आहे, पण ते लग्नानंतरचे आहे. यमुना आणि तिचा पती यांच्यात लेखन-वाचनाच्या निमित्ताने जे सख्य उमलते, तेच तिच्यातील प्रेमप्रकरण. जेथे निवडीपूर्वी प्रतीक्षेला वाव नव्हता, तेथे हरिभाऊंनी विवाहाच्या आत तिच्यासाठी थोडी जागा काढली.

पुढे यमुनेला वैधव्य येते आणि ती जागाही हिरावली जाते. कादंबरी पुस्तकरूपाने १८९३ साली आली, तेव्हा ती सलग वाचता येऊ लागली. परंतु तिच्या पहिल्या वाचकांनी हे सुख आणि हा घाला आठवड्यांच्या अंतराने अनुभवला होता. साप्ताहिकाच्या दोन अंकांमधले दिवस हे वाचनाचेच दिवस असतात. त्या काळात वाचक पात्रांचे भवितव्य मनाशी जुळवतो, घरात त्याविषयी बोलतो, क्वचित भांडतोही. क्रमशः प्रसिद्धीने कादंबरीच्या घडणीवर काय परिणाम केला, तिच्यात पाल्हाळ कसा आला, याची चर्चा मराठीत झाली आहे. तिने वाचकाला वाट पाहण्याची जी शिस्त आणि जी गोडी लावली, तिच्याकडे मात्र तितके लक्ष गेलेले नाही. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि या प्रतीक्षेला वार्षिक सणाचेही रूप मिळाले.

३

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत परिस्थिती पालटली होती. मुली शाळेत आणि काही महाविद्यालयात जाऊ लागल्या होत्या. लग्नाचे वय हळूहळू वाढत होते. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ही किमान मर्यादा घातली. कायद्याचे पालन कितपत झाले हा प्रश्न निराळा. महत्त्वाचे हे, की बाल्य आणि विवाह यांच्यामध्ये एक अंतराळ निर्माण झाले आणि त्याला 'तारुण्य' हे नवे सामाजिक नाव मिळाले. ना. सी. फडके यांच्या 'जादूगार' (१९२८) आणि 'दौलत' (१९२९) या कादंबऱ्या नेमक्या या अंतराळात उभ्या राहिल्या. सुशिक्षित तरुण, शिकलेली तरुणी, भेटीचे योग, गैरसमज, दुरावा आणि उलगडा हे त्यांचे जग. 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथात फडक्यांनी कथानकाच्या रचनेची जी मीमांसा केली, तिचे मर्म वाचकाची उत्कंठा कशी जागवावी आणि कशी टिकवावी यात आहे. मराठीत प्रतीक्षेचे तंत्र सिद्धांताच्या पातळीवर मांडण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न म्हणावा लागेल.

फडके-खांडेकर वादात या तंत्रावर जे आक्षेप आले, ते जीवनदर्शनाच्या अंगाने आले : ही कला जीवनाला पाठमोरी आहे, असा त्यांचा रोख. पण तरुण वाचकाच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या आवडीने जोडीदार निवडता येतो, ही कल्पनाच १९२८ साली जीवनाच्या पुढे धावणारी होती. फडक्यांच्या नायिकेची निवड शेवटी सोयीस्करपणे जुळून येत असेल. पण निवड करावयाची आहे, हे ती वाचणाऱ्या मुलीला प्रथमच इतक्या आकर्षक रूपात दिसत होते. रंजन आणि भान यांच्यात समीक्षेने घातलेली भिंत येथे पुरेशी पक्की ठरत नाही.

याच अंतराळाची दुसरी बाजू विभावरी शिरूरकर यांनी 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) या कथासंग्रहात दाखविली. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न लांबलेल्या मुलींची ही मनोगते. येथेही प्रतीक्षाच आहे. पण ती तंत्राने लांबविलेली नसून समाजाने लादलेली आहे, आणि तिचा शेवट ठाऊक नाही. या पुस्तकाने महाराष्ट्रात खळबळ माजली. टोपणनावामागे कोण आहे याचा शोध सुरू झाला. ज्या समाजाला फडक्यांच्या तरुणींची हुरहूर गोड वाटत होती, त्यालाच या तरुणींचा सुस्कारा सोसवला नाही. या दोन पुस्तकांना समीक्षेने परस्परविरोधी प्रवृत्तींचे प्रतिनिधी मानले आहे. वाचनाच्या इतिहासात ती एकाच अनुभवाची दोन टोके आहेत. जी मुलगी एक वाचत होती तीच दुसरे वाचत असणे अगदी संभवनीय होते.

४

स्वातंत्र्योत्तर काळात मासिके, दिवाळी अंक आणि गल्लोगल्लीची खाजगी वाचनालये यांनी या वाचनाला मोठा विस्तार दिला. सुमती क्षेत्रमाडे, योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शकुंतला गोगटे, चंद्रकांत काकोडकर अशी नावे घरोघर पोहोचली; वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत मात्र त्यांच्या वाट्याला फार थोड्या ओळी आल्या. त्या वाचकाविषयीचा सर्वांत जाहीर वाद समीक्षेच्या व्यासपीठावर झाला नाही, न्यायालयात झाला.

'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात काकोडकरांची 'श्यामा' ही कथा प्रसिद्ध झाली. निशिकांत हा कवी-शिक्षक आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया असा तिचा विषय. अश्लीलतेच्या आरोपावरून खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवून २५ रुपये दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९६९ मध्ये ही शिक्षा रद्द केली. या निकालातील दोन मुद्दे साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखे आहेत. एक, केवळ कामविषयाचा उल्लेख आहे म्हणून कादंबरी किशोरांसाठी अयोग्य मानली, तर त्यांना निव्वळ धार्मिक पुस्तकांखेरीज काही वाचताच येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. दुसरा, ही कथा उच्च वाङ्मयीन गुणवत्तेची नसेल, तिच्यात अपरिपक्वता असेल, असे मान्य करूनही ती गुन्हा ठरत नाही, असा निर्वाळा दिला.

याचा अर्थ असा, की सामान्य दर्जाची प्रेमकथा वाचण्याचा तरुण वाचकाचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. समीक्षेला हे जमले नव्हते. तिच्या लेखी कलाकृती थोर असेल तर तिची धिटाई क्षम्य होती. थोर नसेल तर तिचा वाचक कीव करण्याजोगा होता. त्याच १९६९ साली काकोडकरांच्या 'नीलांबरी'वर आधारलेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. ज्या लेखकाच्या वाचकांविषयी वाङ्मयीन चर्चेत मौन होते, त्याची कथा मराठीबाहेरच्या प्रेक्षकांपर्यंत गेली.

५

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. अमेरिकेत मॉरीन डेली यांची 'सेव्हन्टीन्थ समर' ही कादंबरी १९४२ साली आली. सतरा वर्षांच्या मुलीचे पहिले प्रेम हा तिचा विषय. लेखिका स्वतः त्या वेळी महाविद्यालयात होती. पुढे तेथील ग्रंथपालांनी या वयाच्या वाचकांना स्वतंत्र वर्ग मानले, त्यांच्यासाठी वेगळी कपाटे केली, आणि त्यातून एक वाङ्मयप्रकारच स्थिर झाला. मराठीत कुमारसाहित्य होते, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता. पण त्या जगात साहस होते, प्रेम नव्हते. फास्टर फेणे खाली ठेवलेल्या मुलाच्या हाती पुढचे पुस्तक येई ते थेट मोठ्यांच्या कपाटातले, अनेकदा लपवून वाचायचे. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' (१९८२) महाविद्यालयीन पिढ्यांनी हातोहात वाचली. तिची गंभीर दखल मात्र अल्पच घेतली गेली.

मग समीक्षेने कोवळ्या प्रेमाला नाकारलेच का? तसे नाही. प्रकाश नारायण संत यांच्या लंपनकथा आणि मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) यांचे तिने मनापासून स्वागत केले, आणि ते योग्यच होते. 'शाळा'तील नववीतल्या मुकुंद जोशीचे शिरोडकरविषयीचे आकर्षण हा प्रतीक्षेचाच आलेख आहे. रस्त्यात दिसणे, शिकवणीची वेळ, बोललेला एखादा शब्द यांवर त्याचे दिवस उभे असतात. निवेदनही त्याच वयाचे आहे. परंतु कादंबरीचा काळ १९७५-७६ चा, आणीबाणीचा आहे. ती उचलून धरणारा समीक्षक तेव्हाची स्वतःची शाळा आठवीत होता. लंपनच्या बाबतीतही हेच घडले. मराठी समीक्षेने कोवळे प्रेम स्वीकारले ते स्मरण म्हणून. प्रतीक्षा म्हणून त्याला तिने मान्यता दिली नाही. ज्याचे ते वय उलटून गेले आहे, त्याची व्याकुळता वाङ्मयीन ठरली. ज्याचे ते वय चालू आहे, त्याची आतुरता मात्र रंजन ठरली.

या भेदाला कलामूल्यांचा आधार नाही असे नाही. स्मरणात निवड असते, संयम असतो, अनुभवापासूनचे अंतर असते. त्यामुळे स्मरणातून उत्तम कलाकृती निर्माण होण्याची शक्यता अधिक. पण वाचन हे केवळ उत्तम कलाकृतींचे ग्रहण नव्हे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी माणूस प्रेमकादंबरीत आपल्या अद्याप न आलेल्या आयुष्याची तालीम करीत असतो. निवड म्हणजे काय, नकार कसा द्यावा आणि कसा सोसावा, हे त्याला तेथे प्रथम शब्दांत भेटते. त्या भाषेत ही तालीम उपलब्ध नसेल, तर तो ती दुसऱ्या भाषेत करतो. आज मराठी घरांतील अनेक मुले ती इंग्रजी पुस्तकांतून करतात, आणि मराठी त्यांच्यासाठी आजोबांच्या आठवणींची भाषा होऊन राहते.

फडक्यांच्या वाचकाला मराठीत वाट पाहता येत होती. 'रंभा'चा दिवाळी अंक विकत घेणाऱ्यालाही येत होती. त्या वाचनाचा दर्जा काय होता, हा समीक्षेचा रास्त प्रश्न आहे. पण दर्जाचा प्रश्न विचारण्यासाठी आधी वाचक शिल्लक असावा लागतो. आणि वाचक घडतो तो पुढच्या पुस्तकाची वाट पाहण्यातून. मराठी कादंबरीच्या इतिहासात या प्रतीक्षेचे प्रकरण लिहिले जाणे म्हणूनच अगत्याचे आहे.